मधी एक, भवती सहा

आमच्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असायचं. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक वस्तीवर यायचा. आई-वडील कोयते, भांडी, ज्वारीचं पोतं आणि एक शेळी घेऊन त्यात चढायचे आणि मी आष्टीला आत्याकडे राहायला जायचे. शाळा चुकू नये म्हणून. पाडव्याच्या आसपास ते परत येत, तेव्हा आईच्या बोटांना उसाच्या पाचटानं चिरा पडलेल्या असत. मला जवळ घेताना ती मुठी आवळून घ्यायची. टोचू नये म्हणून. मला वाटायचं, आईला मिठी मारतानाही राग आलेला असतो.

त्या घरातून मी पदवी घेतली. नगरला जाऊन, जाहिरात आणि डिझाइनची. आमच्या वस्तीवर पदवीचा पहिला कागद माझा. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण तो कुणी मला आयता दिलेला नाही. पण ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, त्यांच्यासमोर माझा हा ताठपणा मला नडला. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. ज्या बाईला वाटायला हवं होतं, तिनं ते दाखवलं नाही.

पदवीनंतर मी आष्टीच्या मार्केट यार्डाच्या फाटकासमोर एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायला लागले. वाढदिवस, निवडणूक, दहावा, उद्घाटन, सगळ्यांचे फ्लेक्स. समोरच एक पत्र्याचं शेड होतं. त्यात पेंटरमामा बसत. अख्खा बाजार त्यांना पेंटरमामाच म्हणायचा. त्यांना दुसरं नाव असेल असं कुणाला वाटतही नसे. उंच, वाळलेले, अंगात पांढरा सदरा. सदऱ्याची उजवी बाही स्वच्छ आणि डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत काळी, कारण कुंचला ते डाव्या बाहीला पुसत. मोबाइल होता, पण तो रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेला. वाजला की डबा थरथरायचा आणि मामा डब्यावर टिचकी मारून म्हणायचे, "थांब बे, हात रिकामा न्हाई."

त्यांचं मुख्य काम पाट्यांचं नव्हतं. ते मार्का कापत. आडतीतल्या पोत्यांवर व्यापाऱ्याची खूण असते, तो मार्का. तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करायचा, त्यात आकार कापायचा, तो पोत्यावर ठेवून वरून काळा रंग फिरवायचा. ज्या हमालाला एक अक्षर येत नाही, तो लांबून ती खूण बघतो आणि पोतं बरोबर थप्पीला लावतो. कापलेले जुने पत्रे मामांनी शेडमध्ये तारेला टांगले होते. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटत आणि आमच्या दुकानात फोनवरचं बोलणं ऐकू येत नसे.

मामांना डोळे बारीक करून बघायची सवय होती. कुठलीही पाटी, पोतं, माणूस, आधी डोळे किलकिले करून बघायचे. तसं बघितलं की बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि नुसता आकार उरतो, असं त्यांचं म्हणणं. या सवयीपायी त्यांनी एसटी स्टँडवर मारही खाल्ला होता. एका बाईकडे ते असेच बघत उभे होते आणि तिच्या भावानं येऊन कानाखाली वाजवली. मामा ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगत. "मी म्हणलं, दादा, तुझी बहीण मला दिसलीच न्हाई. नुसता पदराचा काठ दिसत व्हता. लई सरळ काठ व्हता." पुढे त्या भावानं केशकर्तनालय काढलं, तेव्हा पाटी मामांनीच केली. पांढऱ्या पत्र्यावर एक काळा कंगवा. खाली नाव. बस्स.

"काढ" हा त्यांचा शब्द. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "तुमचा माल उचलतो कोन?" विकत कोण घेतो, असं ते विचारत नसत. आणि गिऱ्हाइकानं काय काय हवं ते सांगितलं की म्हणायचे, "बरं. आता ह्यातलं काय काय काढू?"

एकदा बियाणांच्या दुकानाचे शेठ आले होते. त्यांना मार्क्यात बैल हवा होता, ट्रॅक्टर हवा होता, उगवता सूर्य, कुलदैवत, आणि वडिलांचा फोटो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "शेठ, तुमचा फोटो कावून न्हाई?"

"असला तर बरंच आहे की," शेठ खूश.

"मग आचारी आन् मंडपवाल्याचं नाव पण टाकू खाली. पोत्यावर छापायचं हाय का लगनाला बोलवायचं हाय?"

शेठ तणतणत आमच्याच दुकानात आले. मी त्यांना बैल, ट्रॅक्टर, सूर्य, दैवत, वडील, सगळं बसवून दिलं. तासाभरात. शेठ म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं कामच वेगळं." मी ते वाक्य घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं ते शेजारणीला सांगितलं.

मामा मला "कॉलेज" म्हणत. रस्त्याच्या पलीकडून हाक यायची, "ए कॉलेज, हिकडं ये." मी गेले की नवीन मार्का दाखवायचे. मग एखाद्या हमालाला बोलवायचे, मार्का त्याच्यासमोर तीन आकडे म्हणेपर्यंत धरायचे आणि पाठीमागे लपवायचे. "आता काढ." हमाल पायाच्या अंगठ्यानं धुळीत ती खूण काढायचा. आली तर पास. नाही आली, तर मामा पत्रा वाकवून कोपऱ्यात टाकायचे. हमालाला बोल लावायचे नाहीत. पत्र्याला शिवी द्यायचे.

मला हे बघायला गंमत वाटायची. गंमतच. कॉलेजात आम्हाला जे तीन वर्षं इंग्रजी पुस्तकांतून शिकवलं होतं, एका रंगात उभं राहिलं पाहिजे, लहान केलं तरी ओळखू आलं पाहिजे, एकदा बघून लक्षात राहिलं पाहिजे, तेच हा माणूस धुळीत करत होता. पण पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या बाहीचा सदरा घालून कुणी ते करतंय म्हटल्यावर मला ते दिसलं नाही. परीक्षेत मी ते मुद्दे लिहून चांगले मार्क मिळवले होते. माझ्या कामात ते एकदाही उतरले नव्हते.

त्याच सुमारास आमच्या वस्तीवरच्या अकरा बायकांनी गट केला. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ रानात पिकतं. ते दरवर्षी व्यापारी जागेवर उचलून नेत आणि बाजारात त्यांच्या नावानं विकत. काकूंनी, म्हणजे गटाच्या अध्यक्षांनी, ठरवलं की यंदा फळ आपणच भरायचं, आपल्याच नावानं पाठवायचं. हंगाम दसऱ्याच्या तोंडावर असतो. पहिला माल नीट गेला, तर बाजारातला आडत्या पुढचा सगळा माल घेणार होता, आणि मग यातल्या बऱ्याच जणींना त्या वर्षी ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. अकरा जणींत माझी आई होती. वडिलांची कंबर गेल्यापासून ती दुसऱ्या जोडीबरोबर तोडीला जायची. मला तिला घरी ठेवायचं होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे केलं ते वाईट हेतूनं केलं असं कुणाला वाटायला नको. हेतू चांगला होता. तरी केलं ते केलंच.

कॅरेटवर लावायला खूण हवी होती. मी आठ दिवस राबले. डोंगर, डोंगरामागून सूर्य, पुढे नथ घातलेली बाई, तिच्या ओंजळीत सीताफळ, फळाला सावली, दोन पानं, खाली वळणदार इंग्रजी अक्षरांत नाव आणि त्याखाली एक ओळ. पडद्यावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी ते रात्री झोपताना मोबाइलवर परत परत बघत होते.

समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. मी लॅपटॉप उघडून ठेवला.

"आगं बया, किती रंग!"

"ही बाई आपल्या काकूवानी दिसती का न्हाई?"

"काकूला कुठली आलीय येवढी मोठी नथ!"

सगळ्या हसल्या. आई मागे बसली होती. ती पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती.

काकूंनी पेंटरमामांनाही बोलावलं होतं, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. ते हात हलवत आले. डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं. मग पुढं होऊन लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं.

"बघितलं ना समद्यांनी? आता काढा बरं भुईवर."

एकीनं काडीनं गोल काढला. दुसरीनं नथ काढली आणि तिसरीनं विचारलं, "डोंगर व्हता का त्यात? मला वाटलं ढग." मामा सरकत सरकत आईपाशी आले. तिच्या हातात काडी दिली. "तू काढ, बाई."

आईनं काडी भुईला टेकवली. एक रेघ ओढली. ती तळव्यानं पुसली.

"मला न्हाई येत, मामा. पर लेकीनं केलंय ते झ्याक हाय."

मामा माझ्याकडे वळले. "बघ, कॉलेज. काढायला येत न्हाई त्ये ध्यानात राहत न्हाई. अजून काढ ह्यातलं."

आणि मी बोलले. उभी राहून बोलले.

"मामा, अडाणी बायकांची परीक्षा घेऊन लोगो ठरत नसतो. जग कुठं गेलंय आणि तुम्ही काडीनं भुईवर काढताय!"

मामांचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडे दिसले. ते काही बोलायच्या आत आईच बोलली.

"बरोबर हाय तिचं. आमाला काय कळतंय त्यातलं."

काकूंनी बायकांकडे बघितलं, बायकांनी आईकडे बघितलं, आणि माझी खूण ठरली. मला त्या वेळी काय वाटलं, ते लिहायला हात जड होतो, पण लिहिते. मला वाटलं, जिंकले. वाटलं, आई माझ्या बाजूनं बोलली.

माल गेला. दोन इंचांची, रंगीत, गुळगुळीत कागदाची चिकटपट्टी प्रत्येक कॅरेटला मी माझ्या हातानं लावली होती. वाटेत फळं सुकू नयेत म्हणून बायकांनी कॅरेटवर ओली पोती टाकली. ते त्यांचं बरोबरच होतं. कागदाला पाणी लागलं, रंग एकमेकांत उतरले आणि डोंगर, सूर्य, नथ, ओंजळ, सगळ्याचा मिळून एक हिरवा डाग झाला. बाजारात उतरवताना शेजारच्या गाडीतूनही कॅरेट उतरत होती. त्यांच्यावरही हिरवं काहीतरी होतं. पहाटेच्या अंधारात, डोक्यावर ओझं घेऊन हमालांनी हिरव्याला हिरवं लावलं. आमचा माल दुसऱ्याच्या थप्पीत गेला आणि निम्मा त्याच्याच नावावर विकला गेला. उरलेला शोधेपर्यंत दुपार झाली. सीताफळ काही वाट बघत नाही. आडत्यानं मऊ पडलेलं फळ बोटानं दाबून बघितलं आणि फोनवर काकूंना म्हणाला, पुढचा माल पाठवू नका.

काकूंनी ते मला सांगितलं तेव्हा दोषाचा एक शब्द काढला नाही. "पहिलाच बार हाय, हुतंय," म्हणाल्या. त्या दिवसापासून बायका माझ्याशी फार मऊ बोलायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी मुकादमाचा ट्रक आला. आई सामान बांधत होती. तिला मदत म्हणून मी ज्वारीची कणगी सरकवली, तर मागे जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पातळ, टोकदार लागलं. सोडलं. पत्रा होता. मार्का.

मधे एक थेंब आणि भोवती सहा. वर देठाची छोटी रेघ. थेंबांच्या मधे पत्र्याच्या पट्ट्या तशाच सोडलेल्या. मार्का कापताना मधले तुकडे गळून पडू नयेत म्हणून अशा पट्ट्या ठेवाव्याच लागतात आणि त्या नेहमी चित्र बिघडवतात. इथं त्या पट्ट्याच चित्र झाल्या होत्या. सीताफळ तोडणीला आलं की त्याच्या खवल्यांमधल्या रेषा रुंदावतात. बायका म्हणतात, फळानं डोळे उघडले. मामांनी डोळे उघडलेलं फळ कापलं होतं.

"हे कधीचं?"

आईनं वर बघितलं नाही. "बैठकीच्या दुसऱ्या दिशी मामा आलते. म्हणले, बघ बाई, हे येतंय का काढाया."

"मग?"

तिनं बाजूच्या परातीतल्या पिठावर अंगठा टेकवला. एक मधी. मग भवती सहा. मग बोटानं देठ. पत्र्याकडे न बघता.

"आलं की," ती म्हणाली.

"मग काकूंना दाखवलं का नाहीस? माल जायच्या आधी का नाही बोललीस?"

"चार बायांत तुझं खाली पाडून मी काय मिळवणार व्हते, बाई?" तिनं पिठावर हात फिरवून ते सारखं केलं. "तू कुठं रोज रोज शिकून येणार हायेस."

ट्रकचा हॉर्न वाजला. आई गेली. मी त्या वेळी माफी मागितली नाही. माफी मागायला तोंड उघडलं असतं, तर आधी तिला हे सांगावं लागलं असतं की ओट्यावर मी जो शब्द वापरला तो मला आठवतोय. आणि तिलाही आठवतोय, हे मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पत्रा घेऊन मी रस्ता ओलांडला. मामा पत्रा ठोकून सपाट करत होते.

"मामा, चुकले मी. त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले."

हातोडी थांबली नाही. "मला कुठं बोललीस?"

"अडाणी म्हणाले."

"मला न्हाई म्हणलीस, कॉलेज. मी सातवी पास हाय." मग हातोडी बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडे डोळे किलकिले करून बघितलं. "ज्येला म्हणलीस, त्येचं त्येच्याजवळ. हितं कावून आलीस?"

मी पत्रा पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि नाक मुरडलं. "देठ लांब झालाय. काढ थोडा. आन् एका पत्र्यात कुठं भागतंय, दुसरा काप. कातर ती बघ तिथं."

त्या हिवाळ्यात दुकान बंद झाल्यावर मी रोज तासभर त्या शेडमध्ये बसले. दोनदा बोट कापलं. मामांनी कौतुक असं कधी केलं नाही. मी आकार कापून दाखवला की म्हणायचे, "अजून काय काढता येतंय?" आणि काही काढण्यासारखं उरलं नसेल तर गप्प बसायचे. ते गप्प बसले की मी समजायचे. एकदा मी विचारलं, तुम्ही पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव का टाकत नाही? सगळे पेंटर टाकतात. ते म्हणाले, "दुकान त्येचं, माल त्येचा. मी कावून मधी हुबा राहू?" मी माझ्या प्रत्येक फ्लेक्सखाली तेव्हा नाव आणि नंबर टाकत होते. अजूनही टाकते. सगळंच काही मला त्यांच्याकडून घेता आलं नाही.

पुढं रस्ता रुंद करायला शेड पाडलं. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. परळीकडे मुलीजवळ राहायला गेले. जाताना टांगलेले पत्रे व्यापाऱ्यांना ज्याचे त्याला देऊन टाकले. मोतीबिंदूचं विचारलं तर म्हणाले, "बरंय की. आता डोळे बारीक करायची कटकट न्हाई."

आईशी मी त्याबद्दल दीड वर्षानं बोलले. ती पाडव्याला परत आली होती आणि अंगणात पाय पसरून बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी ओट्यावर मी तुला अडाणी म्हणाले." ती म्हणाली, "लई बाया व्हत्या तिथं. मला एकटीला कुठं म्हणलीस." आणि शेळीला पाणी दाखवायला उठली. ती मला सोडवत होती, हे मला कळलं. मी सुटले नाही.

मधल्या हंगामात फळ पुन्हा व्यापाऱ्यांनीच जागेवरून उचललं होतं. त्या पावसाळ्यात मी काकूंना पत्रा दाखवला आणि त्यांनी दुसऱ्या आडत्याशी बोलणी केली. मामांचा मार्का, देठ जरा आखूड करून, बायकांनी स्वतः कॅरेटवर मारला. काळ्या रंगात, चारी बाजूंनी. ओल्या पोत्यांचा त्याला काही फरक पडला नाही. एकही कॅरेट दुसऱ्याच्या थप्पीत गेलं नाही. पुढच्या वर्षी मी कागदपत्रं करून तो मार्का गटाच्या नावावर नोंदवून घेतला. आता बाजारात गिऱ्हाईक आडत्याला खुणेनंच माल मागतं.

पहिल्या वर्षी अकरांतल्या चौघी ऊसतोडीला गेल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी सात. यंदा एकही गेली नाही. दसऱ्याला मुकादमाचा ट्रक वस्तीवर आला, थोडा वेळ थांबला आणि बायकांवाचून पुढच्या गावाला गेला. आई घरी आहे.